क्विझमध्ये नव्वद, पण चार वाक्यं सांगता येत नाहीत

पत्र

सप्रेम नमस्कार,

नोकरी सांभाळून मी कॉग्निटिव्ह सायकॉलॉजीचा, म्हणजे बोधनिक मानसशास्त्राचा, बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करते आहे. चार आठवडे झाले. प्रत्येक भागात आधी व्हिडिओ, मग स्क्रीनवर स्वतः करून बघायचा प्रयोग, मग क्विझ आणि आठवड्यातून एकदा लाइव्ह तास असतो. क्विझमध्ये मला नव्वदच्या खाली गुण नाहीत. पण परवा एका मैत्रिणीनं ‘कार्यकारी स्मृती म्हणजे काय गं?’ असं विचारलं, तर मला चार वाक्यं धड सांगता आली नाहीत. प्रयोग मी मोबाइलवर करते, बरेचदा प्रवासात. स्ट्रूपच्या प्रयोगाचा माझा निकाल तर उलटाच आला, चुकीच्या रंगातले शब्द मला जास्त लवकर जमले! लाइव्ह तासाला कॅमेरा बंद ठेवून ऐकते. माझं नेमकं कुठे चुकतंय? आठवड्याला सहा तासांच्या वर वेळ मला काढता येणार नाही. की हा कोर्स सोडून व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटवरचा एखादा घ्यावा?

– एक वाचक

उत्तर

तुमचे नव्वद गुण खोटे नाहीत, पण ते भलत्याच गोष्टीचे आहेत. व्हिडिओ संपल्यावर दहा मिनिटांत सोडवलेली चार पर्यायांची क्विझ दोनच गोष्टी तपासते. नुकतंच ऐकलेलं किती ताजं आहे, आणि समोर मांडलेल्या चारांतलं बरोबर उत्तर ओळखता येतं का. मैत्रिणीनं तुम्हाला ओळखायला नव्हे, आठवायला सांगितलं होतं. ओळखणं आणि आठवणं यांतला फरक तुमच्या कोर्सच्या स्मृतीच्या भागात येईलच. तो तुम्ही अभ्यासाच्या आधीच अनुभवलात.

रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी 2006 मध्ये केलेला प्रयोग इथे थेट लागू पडतो. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चारही सत्रांत वाचला. दुसऱ्या गटानं एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा न बघता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानं घेतली तेव्हा वाचणारे 40 टक्क्यांवर आले आणि लिहून काढणारे 61 वर राहिले. गंमत म्हणजे आपल्याला आठवड्यानं जास्त आठवेल असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच अधिक होता. लगेच सोडवलेली क्विझ हा तो पाच मिनिटांनंतरचा आकडा आहे. तुम्हाला हवा आहे आठवड्यानंतरचा.

तेव्हा क्विझ त्याच दिवशी सोडवू नका. दुसऱ्या दिवशी मॉड्यूल उघडण्याआधी कोरा कागद घ्या, पाच मिनिटं घड्याळ लावा आणि कालच्या भागातलं आठवेल ते पूर्ण वाक्यांत लिहा. मुद्द्यांची यादी चालणार नाही. यादीत फक्त नावं उतरतात आणि त्यांच्यातले दुवे गळून पडतात. त्यानंतर क्विझ. मग नोंदी उघडून काय सुटलं ते दुसऱ्या रंगानं त्याच कागदावर भरा. हा दुसरा रंग म्हणजे तुमच्या अभ्यासाचा खरा अभ्यासक्रम. पुढची उजळणी करताना सगळं पुन्हा वाचायचं नाही, तेवढंच बघायचं.

उजळणीत अंतर किती ठेवायचं, याचा अंदाज सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या 2008 च्या अभ्यासावरून येतो. परीक्षा आठवड्यावर असेल तर दोन वाचनांत एखाद्या दिवसाचं अंतर सर्वांत फायद्याचं ठरलं, आणि परीक्षा वर्षावर असेल तर सुमारे तीन आठवड्यांचं. जितकं लांबवर लक्षात ठेवायचं, तितकं अंतर वाढवायचं. तुमची परीक्षा आठ आठवड्यांवर आहे, तेव्हा एका भागाला दुसऱ्या दिवशी एकदा, मग आठ-दहा दिवसांनी, मग तीन आठवड्यांनी असं हात लावलंत तरी पुरे. बाकी अधोरेखित करणं, नोंदी सुंदर करणं, व्हिडिओ पुन्हा बघणं यात वेळ छान जातो, एवढंच.

आता प्रयोगांकडे. कोर्सचा सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि तुम्ही तो बसमध्ये उरकता आहात.

स्ट्रूपच्या प्रयोगात रंगाचं नाव एखाद्या शाईत लिहिलेलं दिसतं, आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. अशी एकेक खेप म्हणजे एक ट्रायल. शब्द आणि शाई जुळली तर ती सुसंगत, न जुळली तर विसंगत, आणि विसंगतला एरवी जास्त वेळ लागतो. तुमचा निकाल उलटा येण्यामागे तुमच्या मेंदूचं काही वेगळेपण नाही. चार कारणं संभवतात. पहिलं, ट्रायल कमी. बऱ्याच मॉड्यूलमध्ये वीसच ट्रायल असतात, दहा सुसंगत आणि दहा विसंगत. एकाच माणसाचा प्रतिक्रिया-काळ, म्हणजे शब्द दिसल्यापासून उत्तर देईपर्यंतचा वेळ, ट्रायलगणिक भरपूर हलतो. प्रमाण विचलन, म्हणजे वेळा सरासरीभोवती किती पसरतात याचं माप, 150 मिलिसेकंद धरलं तर दहा ट्रायलच्या सरासरीत सुमारे 47 मिलिसेकंदांची त्रुटी राहते आणि दोन सरासऱ्यांच्या फरकात सुमारे 67 ची. तुमचा खरा फरक 80 मिलिसेकंदांचा असला तरी साधारण आठ-नऊ वेळांतून एकदा तो निव्वळ योगायोगानं उलटा दिसेल. प्रत्येक प्रकारच्या 48 ट्रायल घेतल्या की फरकातली त्रुटी 31 च्या आसपास उतरते, आणि उलटा निकाल दोनशेतून एखाद्या वेळी येतो. नुसतं एवढं गणित समजलं तरी या विषयातले अर्धे वाद समजतात.

दुसरं कारण क्रम. काही मॉड्यूल आधी सगळ्या सुसंगत ट्रायल देतात, मग विसंगत. कुठल्या रंगाला कुठलं बटण हे शिकण्यात तुमचा सुरुवातीचा वेळ गेला, तो सगळा सुसंगत बाजूच्या खात्यात पडला. विसंगत येईपर्यंत हात बसला होता. तिसरं, मोबाइल. अंगठा कुठून कुठे गेला यावर वेळ ठरतो, आणि चालत्या गाडीत तर विचारायलाच नको. चौथं, सरासरी. मध्येच कुणाचा मेसेज आला आणि एका ट्रायलला चार सेकंद लागले, तर दहाची सरासरी तीनशे-साडेतीनशे मिलिसेकंदांनी वर चढते.

हाच प्रयोग या आठवड्यात नीट करा. लॅपटॉप चार्जरला जोडा, म्हणजे बॅटरी वाचवण्याच्या नादात तो संथ होणार नाही. बाकीचे टॅब बंद करा. रात्रीचा पिवळसर प्रकाश देणारी सेटिंग बंद करा. ती चालू असली की निळा आणि हिरवा एकमेकांजवळ सरकतात आणि तुम्ही अवधानाऐवजी स्क्रीनची परीक्षा घेत बसता. लाल-हिरव्यात गफलत होणाऱ्या माणसावर हा प्रयोग करायचा असेल तर रंग बदलावे लागतात. की-बोर्ड लॅपटॉपचाच किंवा वायरचा असू द्या. चार रंगांना चार कळा ठरवा, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं त्यांवर टेकवून ठेवा, आणि सरावाच्या 24 ट्रायल टाकून द्या. मग 96 ट्रायल, निम्म्या सुसंगत, निम्म्या विसंगत, सरमिसळ क्रमानं, मध्ये एक विश्रांती. विश्रांतीनंतरच्या पहिल्या दोन ट्रायलही मोजू नका.

डेटा साफ करण्याचे नियम निकाल बघण्याआधी कागदावर लिहा. चुकलेल्या ट्रायल वगळायच्या, 200 मिलिसेकंदांहून जलद आलेल्या वगळायच्या, कारण तेवढ्यात रंग बघून उत्तर देता येत नाही, आणि 2500 हून संथ वगळायच्या. उरलेल्यांचा मध्यक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढायचा, सरासरी नव्हे. निकाल बघून मग नियम ठरवले की हवा तो आकडा काढता येतो, आणि तो आपण काढलाय हे आपल्याच लक्षात येत नाही. चुका किती झाल्या हेही प्रकारवार मोजा. घाईनं वेळ कमी करून चुका वाढवल्या असतील तर वेळेतला फरक लपतो.

कळ दाबून केलेल्या प्रयोगात फरक तोंडानं बोलून केलेल्या प्रयोगापेक्षा कमी येतो, हे ध्यानात असू द्या. स्ट्रूपनं 1935 मध्ये कळा वापरल्याच नव्हत्या. त्याच्या प्रयुक्तांनी, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग केला त्यांनी, शंभर-शंभर रंगांचे तक्ते मोठ्यानं म्हटले. नुसत्या रंगांच्या चौकोनांना सरासरी सुमारे 63 सेकंद लागले, तर विसंगत शब्दांच्या शाईचे रंग सांगायला 110. स्क्रीनवरचा प्रयोग त्याचा वंशज आहे, प्रत नाही.

फरक नीट आला की एकच गोष्ट बदलून पुन्हा करा. विसंगत ट्रायल निम्म्याऐवजी एक चतुर्थांश ठेवा. परिणाम बहुतेक वाढेल, कारण शब्द बरेचदा उपयोगी पडतो म्हटल्यावर त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याचं कारण उरत नाही. किंवा रंगाचं नाव नसलेल्या नुसत्या फुल्या मधूनमधून घाला. मग सुसंगत शब्दानं किती मदत केली आणि विसंगत शब्दानं किती अडवलं, हे वेगळं काढता येतं. मदत बहुधा थोडी असते, अडथळा मोठा. तुमच्या मॉड्यूलमध्ये असे बदल करता येत नसतील तर सायटूलकिटसारख्या फुकट साधनात तयार प्रयोग सापडतात, त्यांतले आकडे बदलून चालवता येतात. ओपनसेसमी आणि सायकोपाय यांत प्रयोगाचे तुकडे ओढून जोडता येतात. जेएससायकला मात्र थोडी जावास्क्रिप्ट यावी लागते. आत्ता तिच्या मागे लागू नका. हिशेबाला साधी स्प्रेडशीट पुरते. चार रकाने: ट्रायल क्रमांक, प्रकार, वेळ, बरोबर की चूक. पुढे वर्गाचा डेटा हातात आला तर जेएएसपी किंवा जामोवी ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत.

स्क्रीनवरच्या वेळेबद्दल एक सावधगिरी. साधा पडदा सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतो, म्हणजे एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची. त्यात की-बोर्डाचा आणि ब्राउझरचा उशीर मिळवला तर तुमच्या प्रत्येक आकड्यात काही दहा मिलिसेकंद यंत्राचेच असतात. दोन्ही प्रकारांत हा उशीर साधारण सारखा असतो, म्हणून एकाच माणसाच्या, एकाच यंत्रावरच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली की तो बराचसा निघून जातो. पण तुमचे 620 आणि सहाध्यायाचे 540 अशी तुलना कधीच करू नका. तो जलद आहे की त्याचा की-बोर्ड, हे सांगता येणार नाही. आणि जिथे उद्दीपक (दाखवायचं अक्षर किंवा चित्र) क्षणभरच दाखवायचा असतो तिथे ब्राउझर दगा देतो. स्पर्लिंगनं 1960 मध्ये बारा अक्षरं 50 मिलिसेकंद दाखवली होती. तुमच्या पडद्यावर त्याच्या तीन फ्रेम होतात, आणि एक चुकली की 33 किंवा 67. असा प्रयोग घरी करून तत्त्व समजून घ्यावं, आकड्यावर भिस्त ठेवू नये.

आकाराचंही तसंच. दृश्य शोध (गर्दीतून एक आकृती शोधणं) किंवा पोस्नरच्या संकेताच्या (इशाऱ्यानं लक्ष एका बाजूला वळवण्याच्या) प्रयोगात डोळ्यापासून अंतर महत्त्वाचं असतं. 57 सेंटिमीटरवर बसलात तर पडद्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक अंश. ब्राउझरचा झूम शंभर टक्क्यांवर ठेवा. काही साधनं सुरुवातीला बँकेचं कार्ड पडद्याला लावून चौकोन जुळवायला सांगतात. ती कटकट म्हणून टाळू नका, कार्डाची रुंदी सगळीकडे 85.6 मिलिमीटर असते आणि त्यावरूनच त्यांना तुमच्या पडद्याचं माप कळतं.

आता मूळ दुखण्यावर. तुम्ही प्रयोग केला, निकाल बघितला आणि पुढे गेलात. या विषयात मनातलं काहीच दिसत नाही. दिसतात फक्त वेळा आणि चुका, आणि त्यांच्या आकृतिबंधावरून आत काय चाललं असेल याचा तर्क करायचा असतो. तो तर्क तुम्ही स्वतः एकदाही केला नाही तर लक्षात राहण्याजोगं काही उरतच नाही. म्हणून प्रत्येक प्रयोगाला वहीत चार ओळी द्या. काय बदललं? काय मोजलं? कसा आकृतिबंध येईल असं वाटतं, अंदाजे किती, आणि का? आणि चौथी ओळ, जी सगळे गाळतात: कसा आकृतिबंध आला असता तर हा सिद्धान्त अडचणीत आला असता? पहिल्या तीन ओळी सूचना वाचून, प्रयोग सुरू करण्याआधी लिहायच्या. चौथी सिद्धान्त वाचल्यावर.

स्टर्नबर्गच्या प्रयोगावर हे करून बघा. आधी काही अंक दाखवतात, समजा 4, 9, 1. मग एक अंक येतो, समजा 9, आणि तो आधीच्यांत होता की नाही हे कळ दाबून सांगायचं. अंक एकापासून सहापर्यंत वाढवत नेले. 1966 मध्ये स्टर्नबर्गला दिसलं की दर वाढीव अंकामागे वेळ सुमारे 38 मिलिसेकंदांनी वाढतो. आलेखावर सरळ रेष. म्हणजे मन अंक एकेक करून तपासतं? थांबा, ‘हो’ आणि ‘नाही’ या उत्तरांच्या रेषा वेगळ्या काढा. अंक सापडताच मन शोध थांबवत असेल तर ‘हो’ला सरासरी निम्मेच अंक तपासावे लागतील आणि त्या रेषेचा उतार ‘नाही’च्या निम्मा असेल. प्रत्यक्षात दोन्ही उतार जवळपास सारखे आले. त्यावरून स्टर्नबर्गनं तर्क केला की सापडल्यावरही मन यादी संपेपर्यंत जातं. विचित्र वाटतं ना? वाटायलाच हवं. पुढे टाउनसेंडसारख्यांनी दाखवलं की सगळे अंक एकाच वेळी तपासले जात असतील, पण शक्ती त्यांच्यात वाटली जात असेल, तरी अशीच रेष मिळू शकते. तर चौथ्या ओळीत ‘हो’चा निम्मा उतार लिहायचा, आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत: सरळ रेष एकट्यानं काही सिद्ध करत नाही. एवढं वहीत उतरलं की महिन्यानं कुणी विचारलं तरी तुम्ही रेषा काढून दाखवाल. व्हिडिओतलं ‘स्मृतीतला शोध क्रमिक आणि संपूर्ण असतो’ हे वाक्य मात्र विसराल, आणि विसरलेलंच बरं.

यातून एक नियम निघतो: आधी प्रयुक्त व्हा, मग विद्यार्थी. व्हिडिओ प्रयोगाच्या आधी लावलेला असला तरी तुम्ही उलट क्रमानं जा. काही प्रयोग एकदा गुपित कळलं की स्वतःवर करता येत नाहीत. खोट्या आठवणीचा प्रयोग तसा आहे. तो हुकला असेल तर दुसऱ्या कुणावर करा, व्हिडिओ कॉलवर छान होतो. अंथरूण, उशी, रात्र, स्वप्न, जांभई, घोरणं, पांघरूण, डुलकी, थकवा, विश्रांती, गजर, जाग. हे बारा शब्द, दर दीड सेकंदाला एक, सपाट आवाजात वाचा. ‘झोप’ हा शब्द उच्चारायचा नाही. मग आठवतील तेवढे लिहायला सांगा, आठवत नसेल तर अंदाजानं भरू नका असं बजावून. रोडिगर आणि मॅकडरमट यांच्या 1995 च्या पहिल्या प्रयोगात, बारा शब्दांच्या अशा याद्या ऐकून, न वाचलेला मुख्य शब्द 40 टक्के वेळा लिहिला गेला. पंधरा शब्दांच्या याद्यांनी केलेल्या दुसऱ्या प्रयोगात 55 टक्के. म्हणून एका यादीत तो आला नाही तर हिरमुसू नका, निदान सहा याद्या लागतात. याद्या स्वतः बनवा: मुख्य शब्द सांगून पाच-सहा जणांना मनात येतील ते शब्द विचारायचे आणि जास्त वेळा आलेले आधी ठेवायचे. समोरच्याला आधी विचारूनच प्रयोग करा आणि संपल्यावर त्यातली मेख सांगून टाका.

ऐकण्याच्या प्रयोगांसाठी हेडफोन लागतोच, आणि फोनमधलं मोनो ध्वनीचं बटण बंद आहे ना ते बघा. दोन कानांत दोन वेगळे संदेश देणारा प्रयोग मोनोवर केलात तर दोन्ही कानांत एकच गोंधळ ऐकू येईल.

लाइव्ह तासाला कॅमेरा चालू-बंद हा मुद्दा नाही. रिकाम्या हातानं जाणं हा आहे. तासाआधी तुमच्या आलेखातली एक न जुळणारी गोष्ट शोधून ठेवा आणि ती विचारा. ‘स्ट्रूप समजला नाही’ या प्रश्नाला शिक्षक व्हिडिओच पुन्हा सांगतील; ‘माझ्या विसंगत ट्रायलमध्ये वेळ वाढला नाही पण चुका तिप्पट झाल्या, हे कसं वाचायचं?’ या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागेल. सगळ्या वर्गाचा डेटा नावं काढून एकत्र मिळेल का, हेही विचारा. एका माणसाचा आकडा डळमळीत असतो. तीस जणांचा एकत्र केला की परिणाम उठून दिसतो. लहान गटात टाकलं तर प्रत्येकानं एकेका सिद्धान्ताची बाजू घ्यावी, मग पटो न पटो. तीन-चार जणांच्या गटात गप्प बसणं तसंही अवघड जातं.

सहा तास पुरतात. लाइव्ह तास एक, प्रयोग आणि त्याचा डेटा दीड, व्हिडिओ दीड, वाचन सव्वा, आणि उरलेला पाऊण तास पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन कोऱ्या कागदांना. एखाद्या आठवड्यात कात्री लावावी लागली तर ती व्हिडिओला लावा. प्रयोग आणि कोरा कागद यांना नाही.

हेडसेट नको. अवधान, स्मृती, भाषा, निर्णय या भागांतले बहुतेक प्रयोग मुळातच सपाट पडद्यासाठी बनलेले आहेत. अवकाशाची जाण, वाट शोधणं अशा थोड्या विषयांत आभासी खोलीचा उपयोग होतो, आणि पुष्कळांना त्यात मळमळतं.

कोर्स सोडायचा की नाही हे हेडसेटवरून नव्हे, दोन गोष्टींवरून ठरवा. मॉड्यूल तुम्हाला ट्रायलगणिक डेटा उतरवून देतं का? ‘शाब्बास, तुमचा परिणाम 84 मिलिसेकंद!’ एवढंच सांगून टाळ्या वाजवत असेल तर तो खेळ आहे; तरी सोडू नका, त्या भागापुरता प्रयोग बाहेरच्या साधनात करा. दुसरं, जुनं ज्ञान शिळंच वाढतात का? अल्पकालीन स्मृतीची क्षमता सांगताना मिलरचे 1956 चे ‘सात, दोन कमी-जास्त’ सांगून थांबत असतील तर कमी आहे. कोवननं 2001 मध्ये, उजळणी आणि गट पाडणं रोखलं तर ती चारच्या आसपास भरते, असं मांडलं. ‘तुम्ही बघून शिकणारे की ऐकून शिकणारे’ अशी चाचणी घेऊन तिच्यावर धडे बेतत असतील तर शंका घ्या, कारण त्या वर्गवारीनुसार शिकवल्यानं फायदा होतो याला पुरेसा पुरावा सापडलेला नाही. आणि 2015 च्या मोठ्या पुनरावृत्ती-प्रकल्पाचा उल्लेख कुठे तरी असायला हवा. त्यात मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले. बोधनिक अभ्यासांतले साधारण निम्मे टिकले, सामाजिक मानसशास्त्रातले चौथाईच्या आसपास. स्ट्रूपसारखे परिणाम कुणीही केव्हाही करून बघू शकतो, म्हणून विद्यार्थ्यानं सुरुवात त्यांच्यापासून करावी.

राहिली मैत्रीण. तिला उत्तर देण्याआधी हा प्रयोग स्वतःवर करा, वीस मिनिटांचं काम आहे. दहा छोटे शब्द घ्या, पूल, गाय, मीठ, दार असे, आणि दहा लांबलचक, वर्तमानपत्र, महाविद्यालय, हिवाळ्यातल्या असे. त्यांतून प्रत्येकी पाच शब्दांच्या याद्या करा, सोळा छोट्या शब्दांच्या आणि सोळा लांब शब्दांच्या. शब्द ऐकायचे नाहीत, पडद्यावर सेकंदाला एक या गतीनं बघायचे, म्हणून स्लाइड आपोआप सरकतील असं करून ठेवा. निम्म्या याद्या गप्प राहून बघा, निम्म्या बघताना मोठ्यानं ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणत राहा. यादी संपली की क्रमानं लिहा. जागेवर बरोबर असेल तोच शब्द धरायचा. बॅडली आणि हिच यांनी 1974 मध्ये मांडलेलं कार्यकारी स्मृतीचं, म्हणजे हातातल्या कामापुरतं मनात धरून वापरायच्या स्मृतीचं, चित्र बरोबर असेल तर गप्प असताना छोटे शब्द जास्त आठवतील, कारण मनातल्या मनात ते पुटपुटायला वेळ कमी लागतो. ‘एक-दोन’ म्हणताना दोन्ही याद्यांचे गुण घसरतील आणि त्यांच्यातला फरक जवळजवळ पुसला जाईल, कारण पुटपुटण्याची वाटच अडवलेली असते. त्याच वेळी घरातल्या खोल्यांचा नकाशा डोळ्यांसमोर आणायला मात्र या ‘एक-दोन’चा फारसा त्रास होणार नाही, म्हणून तिथे पुटपुटण्याच्या घटकाहून वेगळा, दुसरा घटक मानावा लागला, आणि या दोघांना लक्ष वाटून देणारा तिसरा. चौथा, त्यांना दीर्घ स्मृतीशी जोडणारा, बॅडलीनं 2000 मध्ये घातला.

छोटे शब्द जास्त आठवतात ते उच्चाराच्या वेळेमुळे की त्या शब्दांच्या दुसऱ्या काही गुणांमुळे, यावर संशोधकांत अजून वाद आहे. हा प्रश्न तुमच्या आकड्यांसकट पुढच्या लाइव्ह तासाला घेऊन जा.